वाचकांचे प्रश्न : रिपीटरला केबल कोणती घालावी?

गेल्या दोन महिन्यांत इंदूर आणि आसपासच्या हौशी रेडिओचालकांकडून या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रिपीटरच्या, म्हणजे क्षीण संकेत ऐकून तो त्याच क्षणी अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राच्या, केबलविषयी आहेत. म्हणून या अंकात दुसरे प्रश्न घेतलेले नाहीत. लांब पत्रांचा आशय थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आम्ही सात-आठ परवानाधारक मित्रांनी राजेंद्रनगर येथील एका चार मजली इमारतीत दोन मीटर पट्ट्यावरचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) रिपीटर उभारला आहे. रिपीटर तळमजल्यावरील खोलीत आहे, अँटेना गच्चीवरील लोखंडी मनोऱ्यावर आहे आणि दोहोंमध्ये ३५ मीटर आरजी-५८ केबल आहे. प्रक्षेपक २५ वॉटचा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या (सजवलेल्या चित्ररथांच्या) मार्गावर आमचे सहकारी स्वयंसेवक म्हणून उभे असतात. परंतु राजवाड्याच्या मागच्या बोळांतून हातातील सेटवर बोललेले शब्द तुटक पोहोचतात. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनावरून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारे; १ म्हणजे काहीच नाही) रिपीटरपाशी १.५ दाखवते, त्यामुळे अँटेना ठीक आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. आता शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर घ्यावा, की केबल बदलावी?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ॲम्प्लिफायर घेऊ नये. केबल बदलावीच लागेल. परंतु ती विकत आणण्यापूर्वी एकदा मनोऱ्यावर चढून अँटेना तपासावी, कारण आपण ज्या आकड्यावर निश्चिंत आहात तोच आकडा मला सर्वांत अधिक काळजीचा वाटतो.

आधी केबलचा हिशेब पाहू. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ केबल १०० मीटरमागे सुमारे १८ डेसिबल खाते (तीन डेसिबल गेले की शक्ती निम्मी उरते). बनावटीप्रमाणे हा आकडा थोडा मागेपुढे होतो. म्हणजे आपल्या ३५ मीटरमध्ये ६.३ डेसिबल जातात. प्रक्षेपकाच्या २५ वॉटपैकी डुप्लेक्सरमधून, म्हणजे एकाच अँटेनावर बोलणे आणि ऐकणे वेगळे ठेवणाऱ्या गाळणीतून, साधारण २० वॉट बाहेर पडतात असे धरले, तर अँटेनापर्यंत पावणेपाच वॉटच्या आतबाहेर शक्ती पोहोचते. बाकीच्या शक्तीने केबल गरम होते, एवढेच. त्याच लांबीची अधिक जाड आरजी-२१३ घातली तर सुमारे साडेनऊ वॉट पोहोचतील, आणि तांब्याच्या वळीदार नळीचे आवरण असलेली अर्धा इंची केबल घातली तर जवळजवळ सोळा वॉट पोहोचतील, कारण या केबलचा लॉस (शक्तीची घट) १०० मीटरमागे तीन डेसिबलपेक्षाही थोडा कमी असतो.

बोलण्यापेक्षा ऐकण्याची बाजू अधिक महत्त्वाची आहे. हीच केबल अँटेनावर आलेला क्षीण संकेतही खाली आणते आणि येतानाही तेवढेच डेसिबल खाते. आपल्या सहकाऱ्याच्या हातातील सेट ५ वॉटचा असला, तरी आपल्या रिपीटरला तो सव्वा वॉटपेक्षाही कमी शक्तीचा असल्यासारखा ऐकू येतो. ॲम्प्लिफायर लावल्याने रिपीटरचा आवाज दूर जाईल, परंतु राजवाड्यामागच्या बोळातून बोलणारा माणूस पूर्वीइतकाच तुटक ऐकू येईल. ऐकू कमी येणाऱ्याने स्वतः मोठ्याने बोलून त्याचे ऐकणे सुधारत नाही. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शहरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांचा गोंगाट अँटेनावाटेच आत येतो आणि चांगली केबल तो गोंगाटही अधिक चांगल्या रीतीने खाली आणते. त्यामुळे ऐकण्याच्या बाजूने सहाच्या सहा डेसिबलचा लाभ मिळेल असे समजू नये; जो मिळेल तो मात्र ध्यानात येण्याजोगा असेल.

आता त्या १.५ कडे वळू. प्रक्षेपकातून निघालेली लहर वर जाताना ६.३ डेसिबल गमावते; अँटेनावरून परत फिरलेला तिचा भाग खाली येताना पुन्हा ६.३ डेसिबल गमावतो. मीटर खाली असल्यामुळे परतीची लहर येता-जाता मिळून १२.६ डेसिबल क्षीण झाल्यावरच त्याला दिसते. वरची अँटेना उद्या पूर्णपणे निखळून पडली आणि केबलचे टोक हवेत लोंबकळत राहिले, तरी आपले मीटर १.६ च्या पुढे जाणार नाही. उलट अँटेनाचा स्वतःचा एसडब्ल्यूआर खरोखर १.५ असता, तर एवढ्या लॉसच्या केबलखाली मीटरने १.१ दाखवले असते. आपल्याला खाली १.५ दिसतो, याचा अर्थ वर तो १२ च्या आसपास असण्याची शक्यता आहे, आणि अशा अँटेनाला चालू अँटेना म्हणता येत नाही.

निदान पक्के करण्यासाठी एक सोपा उपाय आहे. मनोऱ्यावर अँटेनाचा कनेक्टर सोडवून तेथे ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती पचवणारा रोध) लावावा आणि खाली मीटर पाहावे. वाचन १.१ च्या खाली आले तर दोष अँटेनात आहे. ते १.५ च्या जवळच राहिले तर दोष खालच्या कनेक्टरमध्ये किंवा पाणी शिरलेल्या केबलमध्ये आहे. चढण्यापूर्वी रिपीटरचा वीजपुरवठा बंद करावा, कमरेला पट्टा बांधावा आणि खाली एक माणूस उभा ठेवावा.

एका गच्चीवर अशीच तक्रार पाहायला गेलो असता पावसाळ्याच्या ऐन सुरुवातीला मी अँटेनाखालचा पीएल-२५९ कनेक्टर उघडला, तेव्हा आतून पाण्याचा थेंब तळहातावर पडला. चाकूने वरचे आवरण उभे चिरले, तर तांब्याची जाळी हातभर लांबीपर्यंत काळी पडलेली होती, आणि ती बोटांत चोळली की हिरवट भुकटी निघत होती. मालकाच्या वहीत मात्र तीन वर्षे एसडब्ल्यूआर 'उत्तम' असल्याची नोंद होती. जाळी जसजशी खराब होत गेली तसतसा लॉस वाढला, आणि लॉस वाढला तसतसे खालचे मीटर अधिकाधिक सुरेख वाचन देत गेले.

केबल कोणती, याचे माझे उत्तर अर्धा इंची वळीदार तांब्याची, असे आहे. ती ताठ असते, तिचे कनेक्टर महाग असतात आणि ते बसवायला हात बसावा लागतो. परंतु एकदा नीट बसवली की पुष्कळ वर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही. पैसे कमी असतील तर आरजी-२१३ घेऊनही आजच्यापेक्षा दुप्पट शक्ती वर पोहोचेल. चांगल्या केबलचा आणखी एक लाभ सहसा कोणी मोजत नाही. आरजी-५८ असताना मनोरा सहा मीटरने उंच केला तर एका डेसिबलहून अधिक शक्ती केबलच खाते. अर्धा इंची केबलवर त्याच सहा मीटरसाठी एक पंचमांश डेसिबलही जात नाही. इंदूरसारख्या बऱ्यापैकी सपाट शहरात, जिथे दरवर्षी नव्या इमारती मधे उभ्या राहतात, तिथे उंची अशी जवळजवळ फुकट मिळणे मोलाचे आहे.

रिपीटर तळमजल्याऐवजी गच्चीवर ठेवून केबलच आखूड करावी, अशी सूचना आपल्याला कोणी तरी करील. हिशेब म्हणून ती बरोबर आहे. परंतु मे महिन्यात गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत काय तापमान असते, ते माळव्यात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि डुप्लेक्सरच्या कॅव्हिटी (ट्यून केलेले धातूचे डबे) तापल्या की त्यांचे ट्यूनिंग सरकते. जिन्याच्या माथ्यावर सावलीची, हवेशीर जागा असेल तरच तसे करावे.

प्रश्न : महूजवळच्या टेकडीवरील आमच्या रिपीटरला दोन वर्षांपूर्वी आम्ही एलएमआर-४०० केबल घातली. लॉस कमी असल्यामुळे सुरुवातीला सर्वजण समाधानी होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र वारा सुटला की खरखर येते, आणि दूरचा माणूस बोलू लागला की पहिला शब्द ऐकू येऊन पुढचे बुडते. ज्यांच्याकडून केबल घेतली ते म्हणतात की केबलमध्ये दोष नाही. मग दोष कुठे?
— एक वाचक, महू

उत्तर : केबल विकणाऱ्याचे म्हणणे चूक नाही. ही केबल चांगलीच आहे. फक्त ती ज्या कामाला लावली आहे त्या कामासाठी ती योग्य नाही, आणि हा भेद तिच्या लॉसच्या कोष्टकात कुठेही दिसत नाही.

साध्या सेटवर आपण बोलत असताना ऐकत नाही आणि ऐकत असताना बोलत नाही. रिपीटर दोन्ही गोष्टी एकाच क्षणी, एकाच केबलमधून करतो. २५ वॉट म्हणजे सुमारे ४४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतील डेसिबल), आणि ग्राहकाला, म्हणजे रिसीव्हरला, ऐकू यावा असा ०.२५ मायक्रोव्होल्टचा संकेत म्हणजे उणे ११९ डीबीएम. दोहोंत १६३ डेसिबलचे अंतर आहे, आणि वारंवारतेतील अंतर अवघे ६०० किलोहर्ट्झचे. ढोलताशांच्या पथकाशेजारी उभे राहून पलीकडच्या गल्लीतील कुजबुज ऐकण्यापेक्षाही हे काम कठीण आहे. ते डुप्लेक्सर करतो. परंतु डुप्लेक्सरच्या पलीकडे, म्हणजे केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा मनोऱ्याच्या गंजलेल्या सांध्यात काही खरखर निर्माण झाली आणि ती ग्राहकाच्या वारंवारतेवरच पडली, तर डुप्लेक्सर तिला अडवू शकत नाही. तिला आत येऊ देणे हेच तर त्याचे काम आहे.

एलएमआर-४०० मध्ये बाहेरचा वाहक दोन धातूंचा असतो. आत ॲल्युमिनियमची पातळ पन्नी असते आणि तिच्यावर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची जाळी असते. दोन्ही एकमेकींना केवळ टेकलेल्या असतात. वाऱ्याने केबल हलली की हे असंख्य टेकू लागतात आणि सुटतात. त्यात दमटपणा शिरला की दोन धातूंच्या मधे गंजाचा थर येतो, आणि असा सांधा डायोडसारखा वागू लागतो. प्रक्षेपकाची पूर्ण शक्ती त्यातून जात असताना तेथे रुंद पट्ट्यावर पसरलेली खरखर तयार होते. केवळ ऐकणाऱ्या सेटला, किंवा आळीपाळीने बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या सेटला, याची जाणीवही होत नाही. नवी असताना आणि घट्ट बांधलेली असताना हीच केबल रिपीटरवरही नीट चालते. म्हणूनच आपले पहिले वर्ष समाधानात गेले. पूर्ण तांब्याची वळीदार नळी हा एकसंध वाहक असल्यामुळे तीत हा रोग संभवत नाही. पुढच्या वेळी तीच घालावी.

परंतु केबल उतरवण्यापूर्वी दोष तिच्यातच आहे याची खात्री करून घ्यावी. एका सहकाऱ्याला सेट सर्वांत कमी शक्तीवर ठेवून इतके दूर उभे करावे की त्याचा आवाज जेमतेम, खरखरीसह ऐकू येईल. रिपीटरच्या ग्राहकाचा स्पीकर चालू ठेवावा आणि प्रक्षेपक हाताने बंद-चालू करावा. प्रक्षेपक बंद करताच आवाज स्वच्छ होत असेल, तर आपला प्रक्षेपकच आपल्या ग्राहकाला बहिरा करत आहे. मग डुप्लेक्सरच्या अँटेनाकडील तोंडावर डमी लोड लावावा आणि हीच परीक्षा पुन्हा करावी. संकेत आता फारच क्षीण होईल, म्हणून सहकाऱ्याने तेवढे जवळ यावे. बहिरेपणा गेला तर दोष डुप्लेक्सरच्या पुढे आहे. तसे असेल तर डमी लोड केबलच्या वरच्या टोकाला, अँटेनाच्या जागी लावावा. आताही खरखर आली तर केबल किंवा तिचे कनेक्टर दोषी. न आली तर अँटेना किंवा मनोरा. केबलवर डमी लोड असतानाच कोणाला तरी केबल मधूनमधून हलवायला सांगावे. बहुधा तेवढ्यानेच उत्तर मिळेल.

डुप्लेक्सरच्या तोंडावर डमी लोड लावूनही बहिरेपणा राहिला, तर कपाटाचे दार उघडून आतले जंपर, म्हणजे रिपीटर आणि डुप्लेक्सर यांना जोडणारे केबलचे छोटे तुकडे, पाहावेत. इंदूर परिसरात मी जितके रिपीटर उघडून पाहिले त्यांपैकी अनेकांत बाहेर उत्तम केबल आणि आत हातभर आरजी-५८ चे तुकडे होते, कारण 'एवढ्याशा लांबीत काय लॉस होणार' असा विचार केलेला असतो. लॉस होत नाही हे खरे. परंतु एकेरी जाळीतून शक्ती झिरपते. प्रक्षेपकाचा जंपर आणि ग्राहकाचा जंपर एकाच पट्टीने एकत्र बांधलेले असले, तर डुप्लेक्सरने कष्टाने वेगळे केलेले दोन प्रवाह त्याच्या बाहेरच पुन्हा भेटतात. येथे आरजी-२१४ किंवा आरजी-४०० घालावी. दोहोंत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या दोन जाळ्या असतात. बाजारात आरजी-२१४ च्या नावाने कथिलाच्या मुलाम्याची किंवा एकाच जाळीची केबलही मिळते, म्हणून दुकानात टोक सोलून दाखवायला सांगावे आणि जाळ्या स्वतः मोजाव्यात. कनेक्टर एन-प्रकारचे आणि चांदीच्या मुलाम्याचे असावेत. निकेलच्या मुलाम्याचे टाळावेत, कारण निकेल चुंबकीय असल्यामुळे तेही खरखरीला हातभार लावते. एका कनेक्टरवर दुसऱ्या प्रकारचा ॲडॅप्टर चढवून काम भागवू नये.

जंपर बदलताना कॅव्हिटींना एकमेकींशी जोडणाऱ्या केबलींना मात्र हात लावू नये. त्यांची लांबी लहरीच्या हिशेबाने ठरवलेली असते. १४५ मेगाहर्ट्झवर पाव लहर हवेत ५१.७ सेंटिमीटर भरते; आरजी-२१४ मध्ये लहरीचा वेग ०.६६ पट असल्याने ती ३४ सेंटिमीटर होते, तर आरजी-४०० मध्ये जवळजवळ ३६ होते. म्हणजे 'अधिक चांगली' केबल त्याच मापाने कापून घातली तरी ट्यूनिंग बिघडते. त्या केबली खराब झाल्याच असतील तर मूळ प्रकारचीच केबल त्याच लांबीची घालावी.

प्रश्न : टीव्हीसाठी वापरतात ती आरजी-६ केबल स्वस्त मिळते आणि तिचा लॉसही आरजी-५८ पेक्षा कमी आहे. ती का वापरू नये?
— एक विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे, लॉस खरोखरच कमी आहे. हवा भरलेल्या केबलमध्ये सर्वांत कमी लॉस ७७ ओहमच्या आसपास मिळतो आणि सर्वांत अधिक शक्ती ३० ओहमच्या आसपास वाहता येते. टीव्हीला केवळ संकेत खाली आणायचा असतो म्हणून तेथे ७५ ओहम रूढ आहे, तर प्रक्षेपणासाठी मधला ५० ओहम रूढ आहे. ५० ओहमच्या यंत्रणेत ७५ ओहमची केबल घातली की १.५ चा बेमेळ होतो, आणि केबलच्या लांबीप्रमाणे मीटरवर तो २.२५ पर्यंतही दिसू शकतो. घरी ऐकण्यापुरत्या सेटला तो सहज चालतो आणि तुम्ही तो प्रयोग जरूर करून पाहावा. डुप्लेक्सर मात्र अँटेनाच्या बाजूस ५० ओहम आहेत असे धरूनच ट्यून केलेला असतो. शिवाय आरजी-६ मध्येही ॲल्युमिनियमची पन्नी आणि वर जाळी, अशीच रचना असते. वर सांगितलेला खरखरीचा धोका तेथेही आहे.

प्रश्न : मोबाइल मनोऱ्यांवरून उतरवलेली अर्धा इंची केबल जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे मिळत आहे. घ्यावी का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पावती मिळत असेल आणि माल पारखता येत असेल तर अवश्य घ्यावी. केबलभर हात फिरवावा. नळी कुठे चेपलेली किंवा एकदम काटकोनात वाकवून पुन्हा सरळ केलेली असेल तर तेवढा भाग बाद समजावा. दोन्ही टोके वीतभर कापून आतले तांबे पाहावे. ते गुलाबी, चकचकीत दिसायला हवे; हिरवे किंवा काळे दिसले तर स्वच्छ तांबे दिसेपर्यंत कापत जावे, आणि मीटरभर कापूनही ते दिसत नसेल तर केबल सोडून द्यावी. नॅनोव्हीएनए (केबल आणि अँटेना मोजण्याचे छोटे यंत्र) उपलब्ध असेल तर दूरचे टोक उघडे ठेवून १४५ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस, म्हणजे परत आलेल्या लहरीत झालेली घट, मोजावा. जो आकडा येईल त्याच्या निम्मा हा एका बाजूचा लॉस. ३५ मीटरच्या निरोगी तुकड्याला दोन डेसिबलच्या आसपास रिटर्न लॉस यायला हवा. चार-पाच आला तर व्यापारी काहीही म्हणो, ती घेऊ नये.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी केबलची कोणती कामे उरकून घ्यावीत?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर आधी ताणून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी, ती तिच्या मूळ रुंदीच्या सुमारे निम्मी होईपर्यंत ताणावी, आणि तिच्यावर उन्हापासून संरक्षण म्हणून काळी पीव्हीसी टेप घालावी. शेवटचा थर खालून वर गुंडाळत न्यावा, म्हणजे कौलारू छपरावर जशी वरची कौले खालच्या कौलांवर येतात तशी प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर येते आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळते. वरून खाली गुंडाळलेली टेप पाण्याला कनेक्टरच्या आत नेऊन सोडते. केबल खोलीत शिरते तेथे तिला आधी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडेल.

वरचे काळे आवरण खारींनी कुरतडलेले आहे का ते पाहावे, विशेषतः झाडाची फांदी मनोऱ्याजवळ आली असेल तिथे. केबलचा बाहेरचा वाहक मनोऱ्याच्या माथ्याशी, पायथ्याशी आणि खोलीत शिरण्याच्या जागी जमिनीशी जोडलेला असावा. प्रवेशाच्या जागी सर्ज अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीत वळवणारे साधन) असावा. आणि त्याची अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगशी जाड तांब्याच्या पट्टीने जोडलेली असावी. दोन अर्थिंग वेगवेगळ्या ठेवल्या तर वीज जवळ पडल्यावर त्यांच्यातील दाबाचा फरक रिपीटरमधूनच वाट काढतो.

ही कामे झाली की अँटेनापाशी आणि रिपीटरपाशी, अशी दोन्हीकडची वाचने तारीख घालून एका कागदावर लिहावीत आणि तो कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. पुढच्या जूनमध्ये खालचे वाचन आजच्यापेक्षा चांगले आलेले दिसले, तर केबलमध्ये पाणी शिरले आहे असे समजून त्याच दिवशी वर चढावे.